पेराला पेर

उथाई थानी, नदीवरून
३ नोव्हेंबर, बुद्धाब्द २५४०

चि. पिमोन हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी ती नखभर पांढरी पूड खरी कितीला पडली ते ऐक: दुसऱ्यांच्या घरांखाली बांबूच्या दोन मोळ्या, चौदा दिवस छातीइतक्या पाण्यात, आणि माझ्या उजव्या अंगठ्याचं नख. तक्रार नाही. आपलं चलन घसरल्यावर प्रयोगाची परदेशी पूड तुझ्या शिष्यवृत्तीत बसेना, तर बापाने बसवली.

घाटावर सगळ्यांना सांगितलं, माझी मुलगी बँकॉकला रक्तपेशीच्या भिंतीतले प्रथिनांचे पिळदार दांडे बघते, ते दोन-दोन जोडीने का राहतात ते शोधते. बूनयिंग मावशीने विचारलं, मग त्यांना दोर कोण बांधतं? ते तूच कळव. दोराचंच म्हणशील, तर तीस वर्षांत या नदीवरच्या तरंगत्या घरांखाली मी बांधलेली एकही मोळी सुटलेली नाही. बांबू कुरकुरला तरी मला पलीकडच्या काठावर ऐकू येतं.

तुझ्या झोपायच्या कोपऱ्यात हल्ली वाटीतला रस्सा एका बाजूला कलतो. आई म्हणते, पोर गेली आणि घराचा तोल गेला. मी हसण्यावारी नेलं. सुकी मासळी पाठवली आहे. ती उन्हात ठेव, आणि आमच्यावरचा लोभ सावलीत.

तुझे बाबा,
थवीप

---

बँकॉक
२० नोव्हेंबर

ती. बाबांस पिमोनचा शि. सा. न. वि. वि.

मावशीला सांगा, दोर नसतोच. ती भिंत तेलकट असते. दांड्यांच्या अंगावर अमायनो आम्लांच्या लहानमोठ्या फांद्या असतात, त्यांच्याच जिवावर एकमेकांना धरून राहायचं. मी आमच्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं की जेवढी जाड फांदी तेवढी घट्ट पकड. जोडीच्या बाजूला ग्लायसिन नावाचं एक आम्ल आहे, त्याला फांदी जवळपास नाहीच. त्या जागी जाड फांदीचं आम्ल घालून दांडे करून मागवले. तीच तुमची पूड.

काल ती विजेच्या ओढीने जेलीच्या पट्टीतून पळवली. जोडी जड, ती मागे रेंगाळायला हवी. सगळे दांडे एकेकटे पुढे निघून गेले. बाईंनी पट्टी उजेडात धरली आणि विचारलं, पकड वाढवलीस का मोडलीस गं?

२२ डिसेंबरला समिती बसते. कारण सांगता आलं नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि मी मोळ्या बांधायला घरी. दुसरी पूड मागवणं आता शक्य नाही. आईला यातलं काही सांगू नका.

नख गेलं, तरी लोभ जाऊ देऊ नये.

तुमची,
पिमोन

---

उथाई थानी
२९ नोव्हेंबर

चि. पिमोन हिस आशीर्वाद.

आईला सांगावं लागलं नाही, पत्र तिनेच फोडलं. म्हणाली, येऊ दे घरी, कोपरा रिकामाच आहे. मी म्हटलं, थांब जरा.

आता बापाचं ऐक. दोन बांबू शेजारी ठेवले की मी आधी दोर घेतो का? एक बांबू हाताने लोटत, फिरवत राहतो, त्याच्या पेराचा फुगवटा दुसऱ्याच्या सपाट कांड्यावर येईपर्यंत. पेराला पेर भिडलं की मध्ये बोटभर फट राहते. मग वर दोर कितीही आवळा, पाणी आत खेळतं आणि मोळी ढिली पडते. तुझी ती बिनफांदीची जागा म्हणजे सपाट कांडं. नेमका तिथेच तू फुगवटा बसवलास. पूड चोख आहे, पोरी. तिने सांगितलं ते तू ऐकलं नाहीस, एवढंच.

कोपऱ्यातला कल वाढला आहे. नदीचा दोष.

भीती सोड, लोभ सोडू नकोस.

बाबा

---

बँकॉक
२३ डिसेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

दोन वर्षं वाढवून दिली! समितीतले एक म्हातारे सर अडून बसले होते. म्हणाले, कुठेही जाड फांदी घुसवली तर दांडा बिघडणारच, त्यात तुझं काय? पण बाईंच्या कपाटात एक जुनी पूड सापडली होती. तिच्यातही एक जाड फांदी जास्तीची, मात्र दांड्याच्या पाठीवर, जोडीच्या बाजूला नाही. मी तिचीही पट्टी केलेली होती. त्यातली जोडी ठणठणीत मागे राहिली होती. सरांनी चष्मा काढून दोनदा पाहिली. ग्लायसिनची फांदी म्हणजे हायड्रोजनचा एकच अणू. तो जागा देतो, म्हणून दांडे अंगाला अंग लावून बसतात आणि शेजारच्या फांद्या एकमेकांच्या खाचांत रुततात.

हे कुणी सुचवलं, असं विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांना एकदा घेऊन ये.

आता एक करा. माझ्या कोपऱ्याखाली उतरून बघा. नदी सगळ्यांच्याच घरांखालून वाहते, कलतो तो कोपरा आपलाच.

लोभ वाढता असेल तर इतकं ऐकाल.

पिमोन

---

उथाई थानी
३० डिसेंबर

चि. पिमोन हिस आशीर्वाद, आणि घाटावरच्या सगळ्यांचेही.

तुझं पत्र मी तीन दुकानांत वाचून दाखवलं. बूनयिंग मावशी म्हणते, आता मोळी बांधायला सरकारी माणसं माझ्याकडे शिकायला येतील. मी नाही म्हटलं नाही. आईने तुझ्यासाठी नारळातल्या चिकट भाताचं साहित्य आणून ठेवलं आहे, पत्र मिळताच ये.

तू आलीस की लोभ मोजून घे, कमी भरणार नाही.

बाबा

ता. क. काल कोपऱ्याखाली उतरलो. तू बँकॉकला गेलीस त्या आठवड्यात बांधलेली मोळी. दोर शाबूत आहे, आतले अर्धे बांबू वाहून गेले. उरलेल्यांत पेराला पेर लागलं आहे. बांधणारा मीच.