सड्यावर उशिरा पोचले

रविवार, सप्टेंबरअखेर, संध्याकाळ

मलकापूरच्या वरच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, आज एकटीच गेले. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच. सीतेची आसवं फुललेली बघायला दरवर्षी आम्ही दोघं जायचो. आज एकही निळं फूल नव्हतं, नुसत्या वाळक्या काड्या. बोटभर झाड ते, काही आठवड्यांत उगवतं, फुलतं, बी टाकून संपतं. माहीत असून मी उशीर कसा केला?

म्हशी चारणारी शालन भेटली. "उशीर केलासा बाई. गेल्या आठवड्यात समदं निळं हुतं. सर दरसाली फोन करून इचारायचं की, फुलं आली का म्हणून. यंदा फोनच न्हाय."

म्हणजे हे हिला विचारून दिवस ठरवायचे. आणि मी समजत होते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात, यांना पावसावरून कळत असेल. मला कधी बोलले का नाहीत? फुलं चुकल्यापेक्षा तेच सलतंय.

हे गेल्याचं तिला सांगितलं. तिनं मोबाईल पुढं केला. "तुमचा नंबर घाला ह्यात. निळं झालं की मीच फोन करीन."

त्यात 'सर' नाव होतं. मला ते पुसवेना. त्याच नावाखाली माझा नंबर घातला.