चिकाच्या बारा प्लेट्स

आणि दुसरं म्हणजे मॅडम, त्या बारा प्लेट्स मी खरंच लावल्या होत्या. मनात हे तुम्हाला हजारदा सांगून झालंय, आज लिहून सांगते. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, त्यामुळे मधेच तोडणार नाही तुम्ही. परळच्या तुमच्या लॅबला उद्या तुमचं नाव देतायत. मी तुमची जुनी स्टुडंट, आता प्राण्यांच्या व्हायरसवर काम करते, म्हणून मलाही पाच मिनिटं बोलायला बोलावलंय. बाकी सगळे तुमच्या शिस्तीबद्दल गोड गोड बोलतील. मला ते करायचं नाहीये.

मला तो दिवस सांगायचाय. एमएस्सीला माझं प्रोजेक्ट होतं खरवसाच्या चिकावर. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीच्या पहिल्या दुधात कुठले बॅक्टेरिया असतात ते बघायचं. लालबागच्या एका डेअरीतून सकाळी सहाला मी स्टीलच्या डब्यात चीक आणायचे, बर्फात ठेवून. नायगावला घरी आई विचारायची, "मग आपण खायचा की नाही, ते सांग एकदाचं." मला इतकी मजा यायची ना, तुम्हाला कल्पना नाही. तो काचेच्या प्लेट्सवर पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी बॅक्टेरियाचे ठिपके, म्हणजे कॉलनीज, उगवलेले बघायचे म्हणजे माझा वाढदिवसच. आणि त्या खेपेला बाराच्या बारा प्लेट्स कोऱ्या. कच्च्या चिकात असं होतच नाही. काहीतरी भारी सापडलंय म्हणून मी धावत तुमच्याकडे येते, आणि तुम्ही एक प्लेट ट्यूबलाइटसमोर धरून सगळ्या बॅचसमोर म्हणता, "खोटंच करायचं होतं तर दोन-चार कॉलनीज तरी काढायच्या. इंग्लिश मीडियमची पोरं तुम्ही, एवढंही डोकं चालत नाही?" सगळे हसतात. मी म्हणते, "मॅडम, लावल्यात मी." तुम्ही म्हणता, "पाणी लावलंयस. चीक आणायला उठलीच नसशील." मग महिनाभर मला पिपेट्स धुवायला लावल्यात, प्रोजेक्ट काढून घेतलंत, आणि कँटीनमध्ये माझं नाव पडलं कोरी प्लेट. फूड मायक्रोबायोलॉजी मी सोडली ती तुमच्यामुळे. आता मी कोंबडीच्या अंड्यात व्हायरस वाढवते, अंधारात अंडं दिव्यावर धरून आतल्या लाल शिरा शोधते, आणि मला ते जाम आवडतं. पण त्याचं क्रेडिट तुम्हाला नाही मिळणार.

मागच्या वर्षी सॅम्पल घ्यायला एका तबेल्यात गेले होते. एक म्हैस नुकतीच व्याली होती. तिथला भैया म्हणाला, "मॅडम, इसका चीक मत लो. सुखाते टाइम थन में दवाई भरी है." मी तिथेच शेणात उभी राहिले. व्यायच्या आधी म्हैस आटवताना, म्हणजे दूध बंद करताना, सडांत अँटिबायोटिक भरतात, आणि ती वेळेआधी व्याली की ते चिकात उतरतं. मग बॅक्टेरिया वाढणार कुठून? कोऱ्या प्लेट्स हाच माझा रिझल्ट असणार, मॅडम. लोकांच्या खरवसात औषध जात होतं, आणि तुम्ही, या विषयातल्या एवढ्या मोठ्या बाई, एक साधा प्रश्न विचारला नाहीत. मला खोटारडी ठरवून मोकळ्या झालात.

उद्या हेच बोलायचं, म्हणून काल पुरावा दाखवायला प्रोजेक्टची वही माळ्यावरून काढली. डेअरी, वेळ, बारा प्लेट्स, सगळं माझ्या अक्षरात. आणि खाली कंट्रोलची ओळ. ही तेरावी प्लेट. तिच्यावर लॅबमधले जिवंत बॅक्टेरिया टाकायचे. ते वाढले की समजायचं प्लेट्स चांगल्या आहेत, गडबड चिकातच आहे. त्या ओळीपुढे मी "ग्रोथ ओके" लिहून टिक केलीय. मला नीट आठवतंय, ती प्लेट मी लावलीच नव्हती. मीडिया, म्हणजे प्लेटमधलं बॅक्टेरियाचं खाणं, संपला होता, परत बनवायचा कंटाळा आला होता आणि भूक लागली होती. ती खरंच लावली असती तर तेव्हाच तुम्हाला गप्प करता आलं असतं मला.

हे कुणालाच माहीत नाही. हे पत्रही कुठे जाणार नाहीये, इथेच फाइलमध्ये पडून राहील. तुमच्यावरचा राग काही कमी झालेला नाही. पण उद्या माइकवर तुम्ही काय बोललात ते सांगताना, ती टिकही सांगायची का? तुम्हाला काय वाटतं, मॅडम?