हद्दीवरची चाळीस पावलं

जोतीराम व्याही यांना लालासाहेबाचा रामराम. इकडं सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा हाय? (विहीणबाईंनाच विचारायला पाहिजे, तुम्ही खरं सांगणार न्हाई.) काकवी पोचली, अर्धी प्रांजलनंच संपवली. नात दोघांची, पण गोडाची खोड तुमच्याकडची.

आता रस्त्याकडच्या पायवाटेचं. पोरांना शाळेला जाताना डंपरची भीती नको म्हणून आपल्या दोन गावांनी ठरवलं, आम्ही सातारा जिल्ह्यातनं फरशी टाकत यायचं, तुम्ही सांगलीकडनं, आणि हद्दीच्या दगडापाशी गाठ घालायची. तुम्ही तिकडं उपसरपंच, मी इकडं सदस्य, काम साधं. फौजेत आम्ही नदीवर पूल टाकलेत (मी दोर धरायला होतो, पण होतो). उद्घाटनाला दोन नारळ फुटले, दोन फिती कापल्या, आणि चालत निघालो तर आमची फरशी दगडाच्या वीस पावलं अलीकडं संपलेली, तुमची वीस पावलं पलीकडं. मधे नुसतं रस्त्याचं वळण, त्यावरनं खडीचे डंपर. आवं, जन्मभर एकमेकांचे बांध कोरणारी आपली माणसं, आणि सरकारी फरशी टाकताना सोयऱ्याच्या हद्दीत पाय नको म्हणून लाजली! आमच्या मिस्त्रीला काही अक्कलच न्हाई.

बांधकामाचे साहेब म्हणाले, मधली चाळीस पावलं भरायची तर दोन्ही गावांचा एकत्र ठराव आणा. आमचा कागद तुमच्याकडं आला, तुम्ही ‘आधी आपण सही करावी’ लिहून परत पाठवलात. आम्हीही मान राखून तेच लिहिलं. तीन महिने तो कागद लग्नातल्या आहेराच्या टॉवेलासारखा या घरातनं त्या घरात हिंडतोय.

विहीणबाईंना नमस्कार. फोन करू नका, तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला राग येतो.

आपला,
लालासाहेब (माजी हवालदार)

ता. क. मिस्त्रीला उगाच बोललो. मापाची टेप माझ्याच हातात होती. विहिरीच्या बांधावरनं आपलं वाजलं होतं ते आठवलं आणि मीच मागं सरलो. पलीकडं टेप तुम्ही धरली होती, हे तुमच्या धुळा मिस्त्रीनं मला सांगितलंय.

आणखी एक. सोमवारपासनं प्रांजल पाचवीला तुमच्या गावच्या शाळेत चालत येणार. परवा तिचा दाखला द्यायला आम्ही दोघं शाळेत येताना त्या वळणावर डंपर तिच्या दप्तराला घासून गेला. पोरीला काही झालं न्हाई. लय भ्यालोय मी, व्याही. रविवारी सकाळी टेप आणि ठरावाचं रजिस्टर घेऊन या. आधी कोण, ते बघत बसू नका. मी दगड ओलांडून तुमच्याच हद्दीत बसलेलो असेन, भांडायचं तर तिथंच भांडू.