वाल्पुर्गाचा ग्रोशन

१२ मार्च १६२१
टांकसाळीचा प्रमुख क्रांट्झ याने आज नवी मिसळ दाखवली. नाण्यांसाठी एक भाग चांदी, तीन भाग तांबं, वर पांढरा मुलामा. मी पारखी. माझ्या मंजुरीशिवाय चांदीचं एकही नाणं, एकही ग्रोशन बाहेर पडत नाही. विचारलं, "हे शहराचं नाणं?" तो म्हणाला, "नगरसभेने तोंडी सांगितलंय. लेखी हवं असेल तर मी दुसरा पारखी बघतो."
मंजुरी दिली.

१९ मार्च
वाल्पुर्गाला पकडलं! शेजारची, पाव विकते. आमच्या थोरलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. तिने पीठवाल्याला दिलेला ग्रोशन घासल्यावर तांबडा निघाला. खोटी नाणी चालवते म्हणे.

२० मार्च
ओडिला सकाळपासून मागे लागली आहे. "तुमचंच नाणं आहे, तुम्ही सांगत का नाही?" बायकोला काय कळतंय.

२२ मार्च
पंचांसमोर पारख झाली. हाडांच्या राखेच्या वाटीत शिशाबरोबर नाणं वितळवलं. चांदी उरली मोहरीएवढी. वितळण्याआधी पाहिलेला ठसा मात्र आमचाच — मी अंधारात चाचपूनही ओळखला असता. क्रांट्झ नखं बघत बसला होता.
वाल्पुर्गा घाबरलेली नव्हती, वैतागली होती. "योब्स्टदादा, काय ते सांगून टाका लवकर. माझं पीठ आंबत पडलंय."
मी म्हणालो, "हे आमच्या टांकसाळीचं नाही."
तिला वाटलं, मी चुकून बोललो. "नीट बघा ना परत."
परत वितळवायला दुसरं नाणं घेतलं. परत तेच बोललो.

२६ मार्च
बाजारात तिचा उजवा हात तोडला. पारख्याने हजर राहायचा नियम आहे. लोक पोरांना खांद्यावर घेऊन आले होते. ती शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होती.
ओडिला ताट आदळून जाते.

२ एप्रिल
पगार वाढला. क्रांट्झ म्हणाला, "शहाणा आहेस."

१८ एप्रिल
दवंडी पिटली: नवे ग्रोशन शहराचेच आहेत, पूर्ण किमतीला घ्यावेत. नाकारेल त्याला चौकात फटके. वाल्पुर्गाचं नावही कोणी काढलं नाही.

२१ एप्रिल
वाल्पुर्गाकडून पाव घेतला. नवा ग्रोशन पुढे केला. तिने डाव्या हाताने घेतला, न बघता. घ्यावाच लागतो.
माझ्या खिशात जुना, चांगल्या चांदीचा होता. तो काढला नाही.