फिरकीचं झाकण

मलकापूर, मंगळवार, दिवेलागण

हाताचा लोणच्याचा वास अजून जात नाही. मी आज बाजूला बसलेली, मागच्या पडवीत. या दिवसांत लोणच्याला हात लागला की ते नासतं, हे सासूबाईंनीच मला लग्नानंतर बजावलं होतं.

पण यंदा चिनी मातीची बरणी तडकली, म्हणून लोणचं दुकानातल्या गोळ्यांच्या रिकाम्या काचेच्या बरणीत भरलंय. तिचं फिरकीचं झाकण सासूबाईंना काही केल्या फिरत नाही, रोज मीच उघडते. आज दुपारी नणंदेला बघायला पाहुणे आले, आणि सासूबाई पदराखाली बरणी घेऊन पडवीत. "उघडून दे वो. पाहुने पानावर बसले. कोनाले सांगू नको."

उघडली. का उघडली मी? उद्या बुरशी आली तर नाव कोणाचं निघेल? त्यांनी वाटीत लोणचं काढून घेतल्यावर झाकण परत घट्ट लावलं, तेही मीच.

दारातून सगळं दिसत होतं. पाहुण्यांना त्यांनी आग्रह करकरून लोणचं वाढलं. मग स्वतः जेवायला बसल्या. लोणच्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही, त्या आज नुसत्या वरणाशी जेवल्या.