सणाची आदली संध्याकाळ

४ ऑगस्ट
रुपाली नाइट ड्यूटी करून आली ती झोपायचं सोडून जर्मन घेऊन बसली. इथे भाईंदरला नर्सची चांगली नोकरी आहे पोरीची, पण जर्मनीचं खूळ. शब्द विचारायला मला बसवते. आजचा फायरआबेंड. फायर म्हणजे सण, आबेंड म्हणजे संध्याकाळ, दोन्ही मिळून कामावरून सुटायची वेळ. म्हटलं, काहीतरी चुकतंय तुझं.
सौ. भाकऱ्या थापत होती. जर्मनीचं नाव निघालं की जरा जोरातच थापते.

६ ऑगस्ट
वाद चालूच. आमच्या रत्नागिरीला गणपतीच्या आदल्या संध्याकाळी कोण टेकलंय? सारवण, मखर, करंज्या... सांगून टाकलं, हा ओव्हरटाइमचा शब्द आहे. रुपाली पोट धरून हसली. क्लासमध्ये विचारून आली: पूर्वी तिकडे सणाच्या आदल्या संध्याकाळी हातातलं काम खाली ठेवायचे. पुढे रोजच्याच कामानंतरच्या संध्याकाळला ते नाव पडलं. बरे आहेत की लोक!
सौ.ने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बायकासुद्धा?"

१३ ऑगस्ट
रुपाली जर्मनच्या परीक्षेत पास! पेढे वाटले. शेजारच्या जिग्नाबेन म्हणाल्या, अब तो उड़ जाएगी. सौ. तडक आत. मग मला फैलावर घेतलं, तुम्हीच लाडावून ठेवलीत. खरंय. एकुलती एक. मलाही नकोच आहे तिने जायला, पण बोलायची हिंमत कुठेय.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. जवळच्या मुर्धा गावातून नारळ आणले. सकाळीच जर्मनीच्या हॉस्पिटलचं पत्र आलं, होकार कळवा म्हणून.
सौ.ला हरतालिकेचा उपास, त्यात नारळ खोवायला बसलेली. मध्येच थांबली. रुपालीला म्हणाली, "जा तू. लग्न होऊन आले तेव्हापासून काम संपलं म्हणून बसलेय असं एकदाही झालं नाही माझं. तुझं तरी होऊ दे."
मी मखराची दोरी धरून तसाच उभा.
रुपालीने खोवणी ओढून घेतली, आईला उठवलं, पलंगावर बसवलं. सौ. बसली खरी. हात मांडीवर. बसून करायचं काय ते तिला कळेना.
तिच्याशेजारी टेकणार होतो, तर लेकीने माझ्या हातात नारळ दिला सोलायला. पत्राला उत्तर अजून गेलेलं नाही. मी विचारलंही नाही.