ओढ्यापलीकडची हाळी

३ मार्च १९५८
आले बाई एकदाचे सिनेमावाले! आमच्या डोंगरातल्या जुन्या गोष्टींतल्या अस्वलमाऱ्या एनॉकवर कार्टूनचा सिनेमा काढणार म्हणे. या डोंगरातला खरा आवाज हवाय त्यांना. वेंडेल सकाळपासून टाय लावून बसलाय — आवाज द्यायला टाय! म्हटलं, "दाढीही कर, मशीनला टोचेल." मुकाट उठून दाढी करून आला. चाळीस वर्षांच्या संसारात मी जिंकले असं प्रथमच वाटलं.

५ मार्च
त्याचं बोलणं नापास. "आमच्या प्रेक्षकांना कळायचं नाही," असं तो चष्मेवाला पोरगा म्हणाला. वेंडेलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण त्याची हाळी मशीनवर घेतली! रोज पहाटे गोठ्यामागून देतो तीच. ती ऐकली की ओढ्यापलीकडून म्हातारा होबार्ट उलट हाळी देतो — म्हणजे दोघंही धडधाकट. एखाद्या दिवशी हाळी आली नाही, तर दुसऱ्यानं बूट चढवून बघायला जायचं. इथे सगळ्या डोंगरात हीच रीत. मी मेली चाळीस वर्षं त्या आरोळीनं दचकून उठतेय, आणि आता ती अख्ख्या देशाला ऐकवणार!
मध्ये खोकल्यानं दोनदा थांबावं लागलं त्याला. घसा बरेच दिवस बसलाय.

१९ मार्च
डॉक्टर म्हणाले, घशात गाठ आहे. वाईट आहे. स्वरयंत्रच काढावं लागेल.
वेंडेलनं विचारलं, "जेवता येईल ना?"
"येईल."
माझ्याकडे बघून म्हणाला, "मग काय, डेलाची भांडायची सोय तेवढी गेली."
मला हसू आलं नाही.

२ एप्रिल
आहे. जिवंत आहे. ऑपरेशन पार पडलं, देवा!

१७ एप्रिल
काल घरी आणलं. आज पहाटे दार धाडकन उघडून होबार्ट स्वयंपाकघरात! गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात बंदूक, छाती भात्यासारखी चाललेली.
"काय झालं? हाळी आली नाही!"
"अरे होबार्ट, त्याला आवाज कुठला आता? तुला माहितेय ना?"
"माहितेय गं. पण पाय ऐकेनात."
वेंडेलनं त्याला कॉफी ओतून दिली. मग पाटीवर लिहिलं — 'बंदुकीनं गाठ मारणार होतास?'

९ जून
होबार्ट रोज येतो. रोज ओढा उतरून! सत्तरी उलटलेला माणूस, आणि दगडांवर ते शेवाळ. मी म्हटलं, आपण घंटा वाजवू. वेंडेलनं जोरजोरात मान हलवली. पाटीवर लिहिलं — 'घंटा गुरांना.' घ्या! आवाज गेला, तोरा शाबूत.

२० जानेवारी १९५९
होबार्ट ओढ्यात पडला. मनगट मोडलं. तरी आज हजर, हात गळ्यातल्या झोळीत! मी चिडले. "एक दिवस वाहून जाशील म्हाताऱ्या, तुझ्या बायकोला काय सांगू मी?" तर म्हणतो, "हा बरा आहे हे कळल्याशिवाय न्याहारी गोड लागत नाही." वेंडेल खिडकीतून बाहेरच बघत बसला.

१० ऑक्टोबर
सिनेमा आला गावात. तिघं गेलो. एनॉकला काय सजवलंय! हनुवटी नांगरासारखी, कंबर माझ्या लग्नातल्या कंबरेएवढी. खरा एनॉक टकला न् ठेंगणा होता, असं माझी आजी सांगायची. अस्वल बाकी छान.
मग एनॉक कड्यावर चढला आणि त्यानं हाळी दिली.
वेंडेलची हाळी! अगदी गोठ्यामागची. माझा हात त्याच्या हातावर गेला.
आणि होबार्ट उठला — भर थेटरात, टोपी छातीशी धरून — आणि त्यानं उलट हाळी दिली! खणखणीत! सगळे वळून बघायला लागले. बॅटरीवाला पोरगा धावत आला, "आजोबा, खाली बसा!"
"त्यानं दिली ना? मग मी गप्प बसू?" होबार्ट म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. हळूच बसला.
वेंडेल गदागदा हलत होता. हसत होता की रडत होता, कळायला आवाजच नव्हता. मी मात्र रडले, सरळ रडले. त्या दचकवणाऱ्या आरोळीसाठी!

११ ऑक्टोबर
पहाटे गोठ्यामागे गेले. मी. पहिली हाळी म्हणजे कोंबडीची मान मुरगळल्यासारखी. वेंडेल मागे येऊन उभा राहिला, माझी हनुवटी बोटानं वर केली. पुन्हा दिली.
पलीकडून उत्तर आलं.
आज होबार्ट ओढा उतरला नाही.